ययातीचें मागणें आणि जनाबाईचें जातें

मनुष्यास जें हवें तें मिळालें म्हणजे तो सुखी होतो काय, हा प्रश्न आमच्या वाङ्मयांत इतक्या वेळां विचारला गेला आहे, आणि त्याचें उत्तर इतक्या ठराविक शब्दांत दिलें गेलें आहे, कीं आतां तें ऐकून कोणाचें मन जागें होत नाहीं. वासनेला अंत नाहीं, म्हणून ती आवरावी, संतोष हेंच सुख, इत्यादि. वडील मंडळींनीं हें सांगावें, मुलांनीं मान डोलवावी, आणि दोघांनींहि आपापल्या मागण्या पूर्ववत् चालू ठेवाव्या, असा आपल्या मध्यमवर्गीय घरांतला रिवाज आहे. हें उत्तर खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तें अर्धें आहे. आणि राहिलेलें अर्धें ज्या पुस्तकांत सांपडतें, तें पुस्तक आपण पहिल्या अर्ध्यासाठींच वाचीत आलों आहों, ही आमची तक्रार आहे.

तें पुस्तक म्हणजे वि. स. खांडेकर यांची 'ययाति' ही कादंबरी. ती १९५९ सालीं प्रसिद्ध झाली. १९६० सालीं तिला साहित्य अकादमीचें पारितोषिक लाभलें, आणि १९७४ सालचें ज्ञानपीठ पारितोषिक मिळून खांडेकर तो मान मिळविणारे पहिले मराठी लेखक ठरले. तेव्हांपासून या कादंबरीचें तात्पर्य संयम या एका शब्दांत सांगण्याची वहिवाट पडली आहे. तात्पर्य एका शब्दांत मिळालें म्हणजे पुस्तक पुन्हा उघडण्याचे श्रम वांचतात. आम्ही वाचकांस तेच श्रम घ्यावयास सांगत आहों.

महाभारताच्या आदिपर्वांतील ययाति शुक्राचार्यांच्या शापानें अकालीं वृद्ध होतो, पुत्र पुरूचें तारुण्य मागून घेतो आणि सहस्र वर्षें उपभोग घेतो. तेवढ्यानेंहि वासना शमत नाहीं, उलट वाढते, हें कळल्यावर तो तारुण्य परत करतो. म्हणजे तेथें शहाणपण येतें तें अनुभवाच्या दीर्घ माळेनंतर. खांडेकरांनीं या सहस्र वर्षांवर लेखणी फिरविली आहे. त्यांच्या ययातीला तारुण्य मिळतें, आणि कांहीं क्षणांतच तें परत करावें असें त्याला वाटूं लागतें. परत करतांच आपणांस मरण येणार हें कळूनहि वाटतें. भोगून विटण्याइतका अवधि त्याला मिळालेलाच नाहीं. मग मागितलेलें हातीं येऊनहि त्याला सुख कां झालें नाहीं? वासना अनंत आहे, हें उत्तर येथें लागू पडत नाहीं. त्याचें सुख हिरावून घेतलें तें समोर उभ्या असलेल्या, एका क्षणांत म्हातारा झालेल्या मुलाच्या मुद्रेनें. तारुण्य आलें तें कोठून आलें, हें त्याला प्रथमच दिसलें. मूळ कथेंत केलेला हा बदल आमच्या मतें कादंबरीचा प्राण आहे, आणि संयमाच्या तात्पर्यांत नेमका तोच हरवतो.

देवयानीचें चरित्र याच दृष्टीनें पाहावें. कचाचें प्रेम सोडलें तर तिला जें जें हवें होतें तें तें मिळालें: हस्तिनापूरचें राणीपद मिळालें, आणि जिच्याशीं तिचें वैर ती राजकन्या शर्मिष्ठा दासी म्हणून मिळाली. तरी ती सुखी नाहीं. तिच्या मागण्या फार होत्या असें नव्हे. परंतु प्रत्येक मागणीच्या पोटांत कोणाचा तरी अपमान होता. दुसऱ्याला खालीं बसवून मिळविलेलें आसन रोज राखावें लागतें, आणि राखण करणाऱ्यास झोंप कोठली?

कादंबरींत दोष नाहींत असें नाहीं. नहुषाचीं मुलें कधींहि सुखी होणार नाहींत, हा शाप कथेच्या मुळाशींच ठेवल्यामुळें जो प्रश्न माणसाच्या वागणुकीचा होता, तो दैवाचा होऊं पाहतो. कच इतका निर्मळ आहे, कीं तो बोलूं लागला म्हणजे पात्र संपतें आणि प्रवचन सुरू होतें. शेवटीं कचामुळेंच ययाति वांचतो व देवयानीचेंहि मन पालटतें. लेखकानें हिशेब चोख मांडला, परंतु वसुलीच्या वेळीं हात आंखडला, असें म्हणणें भाग आहे.

आम्ही हें लिहितों तें परभणी जिल्ह्यांतील पालम येथून. आणि शेजारचें गंगाखेड हें जनाबाईचें गांव. शर्मिष्ठेप्रमाणें तीहि दासी. मात्र पंढरपुरास नामदेवाच्या घरची. ती ज्याची वाट पाहत होती तो विठोबा तिला मिळाला, असें तिच्या नांवावरील अभंग सांगतात. तो येऊन काय करतो? दळूं लागतो, शेण्या वेंचतो, तिची वेणीफणी करतो. देव आला म्हणून जातें थांबत नाहीं. खुंट्याला दुसरा हात लागतो, एवढेंच. आणि देणारा देऊन म्हातारा होत नाहीं. ययातीचें मिळणें व जनाबाईचें मिळणें यांतील अंतर आम्हांस येथें दिसतें.

यावरून दासीनें दासीपणांतच समाधान मानावें, असा बोध कोणी काढील तर तो जनाबाईवर अन्याय होईल. ती समाधानाचा उपदेश करीत बसत नाहीं. मनासारखें झालें नाहीं कीं देवालाहि खडसावते. शिवाय ज्या बायका पहांटे उठून रोज जातें ओढीत, त्यांना दळणापासून सुटका हवी होती. गिरण्या आल्या आणि ती सुटका मिळाली. जात्यावरच्या ओव्या गेल्या म्हणून हळहळलों ते आम्ही पुस्तकी लोक. दळणारीचे खांदे हलके झाले हें खरें सुख होतें, आणि तें हवें असलेलें मिळाल्यामुळेंच झालें. त्याकरितां कोणा पुरूला म्हातारें व्हावें लागलें नाहीं. तेव्हां इच्छा पुरी झाल्यानें सुख होतच नाहीं, हें सरसकट विधान आम्हांस मान्य नाहीं.

आपल्या घरांत मात्र पुरू पुष्कळ आहेत. भावाचें शिक्षण पुरें व्हावें म्हणून बहिणीचें थांबविलें जातें. थोरल्याला शहरांत घर हवें म्हणून गांवाकडची जमीन विकली जाते, आणि ती कसणाऱ्या धाकट्याला कोणी विचारीत नाहीं. पुढें तो भाऊ, तो थोरला, सर्व मिळूनहि मन कां लागत नाहीं म्हणून वासनेच्या स्वरूपावर चिंतन करूं लागतो. वासनेला दोष देणें सोपें आहे, कारण ती उलट बोलत नाहीं. बहीण बोलेल. तिच्यासमोर बसून तिचें ऐकावें आणि देणें असेल तें द्यावें. 'ययाति' घराघरांत आहे. ती या एका प्रश्नासाठीं पुन्हा एकदां वाचली जावी, अशी आमची वाचकांस विनंति आहे.