शजरा, परवाना आणि घरची पत्रे

कोकणी मुसलमान घराण्यांतून खानदानाच्या इतिहासाच्या लहान पुस्तिका अधूनमधून छापल्या जातात. लग्नात किंवा मेळाव्यात त्या वाटल्या जातात, घरी येतात आणि कपाटात जातात. त्यांना कोणी साहित्य मानत नाही. पण १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपले जगणे आपण लिहिले पाहिजे असे आपण म्हणत आलो आहोत. मग आपल्या माणसांनी आपल्याच घराविषयी जे लिहिले आहे त्याला वाङ्मयाची कसोटी लावायला काय हरकत आहे?

या पुस्तिकांचा साचा ठरलेला असतो. आरंभी बंदरावर उतरलेला अरब व्यापारी किंवा बुजुर्ग. त्यानंतर पाचसहा पिढ्या नुसती नावे. मग काझीपणाची किंवा खतीबपणाची सनद, आणि तिथून एकदम आजोबांची बोटीवरची सफर. मधल्या दोनशे वर्षांत लोक काय खात होते, कर्ज कोणाकडून काढत होते, कुठली भाषा बोलत होते, याचा पत्ता नसतो. अरब पूर्वज खरा नसेलच असे नाही. कोकणचा आणि अरबस्तानचा दर्यावर्दी संबंध फार जुना आहे. प्रश्न एवढाच की प्रत्येक घराला तोच का लागतो, आणि इथल्याच मातीतली आजी कोणालाच का आठवत नाही?

या पार्श्वभूमीवर उमा धुपेलिया-मेस्त्री या दक्षिण आफ्रिकेतील इतिहासकार बाईंचे लेखन मला महत्त्वाचे वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यांतील कितीतरी कोकणी मुसलमान केप टाउनला गेले. १९१३ च्या कायद्याने नव्या हिंदी माणसाला तिथे दार जवळजवळ बंद झाले. मात्र आधीपासून स्थायिक असलेल्याला बायको आणि सोळा वर्षांखालची मुले आणता येत. या सवलतीतून जे घडले त्यावर बाईंचा २०१४ सालचा एक प्रबंध आहे. खोटे बाप आणि खोटे मुलगे हाच त्याचा विषय. पुतण्या, भाचा, शेजाऱ्याचा पोर कागदावर मुलगा होऊन बोटीत बसे. परवान्यावर फोटो आणि अंगठ्याचा ठसा, पण बापाचे नाव दुसऱ्याचेच.

सरकारी दप्तरातले नाव म्हणजे पुरावा, असे धरून चालणाऱ्या वंशावळकाराने इथे थांबायला हवे. ज्या पणजोबांचा परवाना आपण मोठ्या अभिमानाने छापतो, त्यावरचा बाप त्यांचा बाप असेलच असे नाही. आपल्यासाठी हा प्रश्न नुसता तपशिलाचा नाही. दत्तकालाही त्याच्या खऱ्या बापाच्या नावाने ओळखावे, हा सूरह अहजाबमधला आदेश आपल्याला माहीत आहे. पोट भरण्यासाठी निघालेल्या पोराला तो मोडावा लागला. या घुसमटीत एक कादंबरी आहे. आपल्या पुस्तिकांत मात्र तिच्यासाठी एक ओळही नसते, कारण ते सांगणे म्हणजे खानदानाला बट्टा!

बट्टा लागेल असे सांगूनही घराची शान जात नाही, हे याच बाईंनी दुसऱ्या पुस्तकात दाखवले आहे. त्या मणिलाल गांधींच्या नात. २००४ साली त्यांनी आजोबांचे चरित्र लिहिले. घरातला पत्रव्यवहार हा त्याचा मोठा आधार आहे. १९२६ साली मणिलालना केप टाउनच्या फातिमा गुल या मुसलमान मुलीशी लग्न करायचे होते. गांधीजींनी पत्राने सक्त विरोध केला आणि पुढच्या वर्षी अकोल्याच्या मशरूवाला घराण्यातील सुशीलाबेनशी मणिलालांचे लग्न झाले. नातीने हे झाकले नाही. आजोबांची बाजू घेऊन पणजोबांना झोडपण्याचा सोपा मार्गही तिने टाळला. पत्रांचा खरा उपयोग हा असतो: परवाना साहेबाला पटवण्यासाठी लिहिलेला असतो, पत्रातला बाप मुलालाच बोलतो. अर्थात पत्रालाही मर्यादा आहे. बाप-लेकाच्या पत्रांत फातिमाचा आवाज नाही.

घाटावरच्या घराण्यांची कथा वेगळी नाही. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशनने हक्कांची चौकशी केली, तेव्हा इनाम खाणाऱ्या काझी-मुजावरांनाही सनदा काढून दाखवाव्या लागल्या, वंशावळी मांडाव्या लागल्या. या वंशावळी हक्क टिकवण्यासाठी लिहिलेल्या आहेत. ज्या शाखेला हिस्सा नाही ती त्यांत येण्याचे कारणच नव्हते. मोडी वाचणारा गाठून त्या देवनागरीत उतरवल्या की इतिहास झाला, अशी आपली समजूत आहे. वकिलाच्या अर्जाला आत्मचरित्र म्हणण्यासारखे हे झाले.

आणि बायका? बहुतेक शजऱ्यांत "चार मुलगे, तीन मुली" असा हिशोब असतो. मुलग्यांना नावे आणि मुलींना आकडा. नावे सापडत नाहीत ही सबब मला मान्य नाही. निकाहची नोंद वहीत ठेवण्याची काझींची प्रथा आहे. त्या नोंदीत नवरीचे नाव, तिच्या बापाचे नाव, मेहेरची रक्कम, वकील आणि गवाह, सारे असते. ज्या घरांचा शजरा काझीपणाच्या सनदेपासून सुरू होतो, त्यांच्या घरी ती सनद काचेच्या चौकटीत भिंतीवर दिसते. निकाहच्या वह्या माळ्यावर, कापडात बांधलेल्या. शजरा लिहिणाऱ्यांनी आता शिडी लावून त्या खाली काढाव्यात.