सवाईची हरवलेली रात्र

पुण्यात डिसेंबर लागला की 'सवाईला येणार ना?' एवढं विचारलं तरी पुरतं. पूर्ण नाव घ्यायची गरज पडत नाही.

अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, १९५२ साली गेले. पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी पुण्यात गुरूंच्या पुण्यतिथीचं गाणं सुरू केलं. लक्ष्मी क्रीडा मंदिरातला तो घरगुती म्हणावा असा कार्यक्रम वाढत वाढत शाळांच्या पटांगणांवर गेला, रमणबागेत स्थिरावला आणि २०१८ साली मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर आला. भीमसेनजी २०११ च्या जानेवारीत गेले, तेव्हापासून महोत्सवाच्या नावात गुरूशेजारी शिष्यही आहे.

या उत्सवानं पुण्याला कान दिला असं मी मानतो. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन हे तिघे एकाच गुरूचे. पण गंगूबाईंचा तो रुंद, भरदार, जवळजवळ पुरुषी आवाज, दस्तुरांची खाँसाहेबांच्या वाटेवरची हळुवार आस आणि भीमसेनांची झेप यांत फरक केवढा! घराणं म्हणजे नक्कल नव्हे, हे इथल्या श्रोत्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. कारकून, मास्तर, दुकानदार सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसले आणि ऐकता ऐकता शिकले.

आणि हे शिक्षण व्हायचं रात्री. मफलर, शाल, थर्मासमधला चहा, मांडीवर झोपलेलं पोर. दोन वाजता तंबोऱ्यांची जवारी नीट लागेपर्यंत मांडवात चकार शब्द नसे. मग मालकंस किंवा दरबारी. गंधार आंदोलत खाली उतरे तेव्हा बाहेरची थंडीसुद्धा त्या रागाचीच वाटे. पहाटे ललत, तोडी. उजाडताना कावळे ओरडत, तेही कुणाला खटकत नसे.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरचे ध्वनिवर्धक बंद केले. वर्षातल्या ठरावीक दिवशीच बारापर्यंत मुभा. आजारी माणसाच्या झोपेचा हक्क मला मान्य आहे, त्याबद्दल वाद नाही. दुपारी सुरू होणाऱ्या सत्रांमुळे मुलतानी, मारवा, श्री असे राग भर मैफलीत येऊ लागले, ही कमाईच. पण उत्तररात्रीचे राग या मंचावरून जवळपास हद्दपार झाले. जो राग ऐकायलाच मिळत नाही, तो तरुण गायक मनापासून कशाला घोटेल?

माझी खरी तक्रार मात्र घड्याळाच्या दुसऱ्या काट्याबद्दल आहे. वेळ आक्रसली, कलाकारांची यादी तेवढी आक्रसली नाही. विलंबित ख्यालाची बढत मध्य सप्तकात जरा रुळते न रुळते तोच द्रुत सुरू करावी लागते, कारण तराणा किंवा अभंग अजून व्हायचा असतो. सवाई गंधर्वांच्या किराणा घराण्याचा जीवच मुळी स्वर सावकाश उलगडण्यात. त्या घराण्याच्या गायकांच्या नावानं भरणाऱ्या उत्सवात षड्जावर रेंगाळायला उसंत नसावी, याचं वाईट वाटतं. रोज एक कलाकार कमी करा. एकाला तरी दोन तास द्या. पडदे, रोषणाई, खाण्याचे स्टॉल यांतलं काहीही कमी पडलं तरी चालेल.

शेवटच्या दिवशी सवाई गंधर्वांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका लागते. पूर्वी ती संपे तेव्हा लोक उन्हात बाहेर पडत. आता ती रात्री लागते, आणि फाटकाबाहेर रिक्षावाले भाडं विचारत उभे असतात.