कुकडी वाचताना

कुकडी नदीची पहिलीच चाल उलटी आहे. जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या अलीकडे, पूर गावी ती उगम पावते. सह्याद्रीची धार तिथून जवळ. धारेपलीकडचा पाऊस कोकणात उतरतो आणि अरबी समुद्र गाठतो. कुकडी मात्र त्या समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघते. ती घोडला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला. इतक्या जवळचा समुद्र सोडून पाणी बंगालच्या उपसागराला जाते.

उगमाशी कुकडेश्वराचे कोरीव देऊळ आहे. शिलाहार राजा झंझाने नद्यांच्या उगमांवर बारा शिवालये बांधली, त्यांतले हे एक, असे सांगतात. एवढ्याशा ओहोळाला इतका मान का, हे घाट पाहिला की उमगते. कोकणातल्या बंदरांचा माल नाणेघाट चढून जुन्नरकडे येई. नागनिकेच्या नावाने ओळखला जाणारा सातवाहनकालीन लेख आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण याच वाटेवरचे. पुढे चावंड, शिवनेरी, लेण्याद्री आणि ओझरचा विघ्नहर, सगळे हिच्याच खोऱ्यात.

आजची कुकडी मात्र ओळखली जाते ती आवर्तनावरून, म्हणजे धरणांतून पाळीने सुटणाऱ्या पाण्यावरून. माणिकडोह आणि येडगाव ही धरणे तिच्यावर. मीना नदीवरचे वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावात घोडवरचे डिंभे धरून पाच धरणांचा कुकडी प्रकल्प. डिंभ्याचे पाणी कालव्याने येडगावात येते आणि तिथून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जाते. पाणी कधी सोडायचे, कुणाला आधी, यावर तालुके भांडतात. ते भांडण खरे आहे, पण नदी तेवढीच नाही.

तिची खरी ओळ येडगावच्या खाली, बोरी बुद्रुकच्या काठावर आहे. दरडीत गाळ, वाळू, गोटे यांच्या थरांमध्ये एक फिकट राखाडी पट्टा दिसतो. खाली सांडलेली चिमूटभर भुकटी बोटांत चोळली तर रांगोळीसारखी खरखरते, कारण ती काचेच्या सूक्ष्म कणांची आहे. ही ज्वालामुखीची राख, सुमात्रातल्या टोबाची, 3,000 किलोमीटरहून लांबून वाऱ्यावर आलेली. उघड्या माळावर पडली ती पावसाने धुऊन नेली. कुकडीने मात्र काठाशी साठवली आणि वर गाळाचे पांघरूण घातले. मोठा पूर एका रात्रीत काठ खरवडून नेतो. इथे तो थर टिकला, हेच मला या नदीचे सर्वांत मोठे कौशल्य वाटते.

याच काठच्या गोट्यावाळूत अश्युलियन या अश्मयुगीन धाटणीच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या. राख टोबाच्या कोणत्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत वाद आहे: काहींच्या मते सुमारे 74,000 वर्षांपूर्वीच्या, काहींच्या मते त्याहून कितीतरी आधीच्या. राखेचे वय सरकले की हातकुऱ्हाडींचेही सरकते, लाखांच्या हिशेबात. मग इथल्या पहिल्या वस्तीचा इतिहास सातवाहनांपासून मोजणे फारच अपुरे ठरते.

पुढे निघोजला हीच मऊ हाताची नदी काळ्या पाषाणात खोल रांजणखळगे कोरते. पर्यटक तिथे गर्दी करतात, बोरीकडे क्वचितच कुणी फिरकते. तुम्ही जाल तेव्हा आवर्तन नसताना जा, म्हणजे काठ उघडा मिळेल. आणि नमुना म्हणून दरड उकरू नका. तो थर पुन्हा भरून येणारा नाही.