रतनवाडीचें शिखर आणि अमृताची कथा

भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या वरच्या टोकास, रतनगडाच्या पायथ्याशीं, रतनवाडी हें लहानसें गांव आहे. पूर्वीं तेथें जावयाचें म्हणजे नावेंत बसून जलाशय ओलांडणें हाच सोईचा मार्ग असे; आतां सडकेनेंही जातां येतें. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, आणि तेव्हांपासून ह्या खोऱ्यांत येणारा प्रवासी बहुधा धरण, धबधबा व गड ह्यांसाठींच येतो. अमृतेश्वराचें देऊळ त्यास वाटेंत लागतें. तो क्षणभर थबकतो, "हेमाडपंती दिसतें" असा शेरा मारतो आणि गडाची वाट धरतो. ह्या एका शब्दावर आमचा आक्षेप आहे.

हेमाद्रि ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र ह्या यादवांचा मंत्री, 'चतुर्वर्गचिंतामणि'कार, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील पुरुष. त्याच्या नांवावर महाराष्ट्रानें जितकीं देवळें चढविलीं आहेत तितकीं बांधावयास एका मंत्र्याचें आयुष्य पुरलें नसतें. ह्या देवळांची खूण कोणती असें विचारलें, तर चुन्यावांचून दगडावर दगड बसविलेला असतो, असें उत्तर मिळतें. परंतु ही बांधणीची रीत झाली. तिला शैली कसें म्हणावें? एखाद्या काव्याचें परीक्षण करावयास बसावें आणि तें बोरूनें लिहिलें आहे एवढेंच सांगून उठावें, तसा हा प्रकार आहे.

आतां शिखराकडे पाहूं. त्याच्या चार दिशांस चार उभे पट्टे तळापासून माथ्यापर्यंत चढत गेले आहेत. त्यांवर जाळीसारखें कोरीव काम आहे आणि शिल्पशास्त्रांत त्यांस लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या प्रत्येक कोनांत लहान लहान शिखरांच्या ओळी रचल्या आहेत. प्रत्येक चिमुकलें शिखर आपल्या स्तंभिकेवर उभें; खालच्या ओळींतील मोठीं, वरच्या ओळींतील त्याहून लहान, आणि अगदीं वर गेल्यावर तीं जणूं दाण्याएवढीं होतात. आडवें पाहिलें तर मजल्यांवर मजले दिसतात, उभें पाहिलें तर माळा लोंबलेल्या दिसतात. दोन्ही दृष्टि एकाच वेळीं खऱ्या ठरतात, हेंच ह्या रचनेचें मर्म. माथा किती उंच आहे हें डोळ्यास चटकन् समजत नाहीं, कारण मोजावयास घेतलेलें मापच वर जातां जातां लहान होत जातें. मुळांत फारसें उंच नसलेलें हें शिखर उंच भासतें तें ह्याच युक्तीनें.

ह्या रीतीस भूमिज म्हणतात. परमारांच्या माळव्यांत ती भरास आली; उदयपूरचें उदयेश्वराचें देऊळ हा तिचा प्रसिद्ध नमुना. आपल्याकडे अंबरनाथ व सिन्नरचा गोंदेश्वर हीं तिचीं थोर उदाहरणें होत. अंबरनाथच्या शिलालेखांत शके ९८२ म्हणजे सन १०६० हा काल आहे. रतनवाडीचें काम त्याच घराण्यांतलें व त्याच सुमाराचें दिसतें. म्हणजे हेमाद्रि मंत्रिपदावर बसला त्यापूर्वीं सुमारें दोनशें वर्षें हें शिखर उभें होतें! अंबरनाथची मूर्तिसंपत्ति येथें नाहीं, आणि प्रशस्त जोत्यावर पांच देवळें मांडणाऱ्या गोंदेश्वराचा डौलही नाहीं. परंतु प्रमाणबद्धतेंत तें दोहोंस हार जाणार नाहीं, असें आमचें मत आहे. मागच्या डोंगराचें रूप पाहून कारागिरानें हें शिखर रचलें असें कोणी म्हणतील, तर तें मात्र आम्हांस मान्य नाहीं. हीच रचना माळव्याच्या सपाटीवरही आहे.

स्थानिक परंपरा देवळाचें श्रेय शिलाहार राजा झंझ ह्यास देते. गोदावरीपासून भीमेपर्यंतच्या बारा नद्यांच्या उगमीं त्यानें बारा शिवालयें बांधलीं, असें सांगतात. ह्या कथेला आधार अगदींच नाहीं असें नव्हे. सन ९१६ मध्यें चेऊलास आलेला अरब प्रवासी मसूदी तेथील राजाचें नांव झंझ असेंच देतो, आणि अनंतदेवाच्या शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटांत झंझानें बारा शिवालयें उभारल्याचा उल्लेख आहे. नद्यांची जोड त्यास मागाहून मिळाली असावी. पण सांप्रतचें शिखर झंझाच्या काळाहून शतकभर तरी अलीकडचें दिसतें. जुन्या स्थानावर नवें देऊळ उठलें असणें अशक्य नाहीं.

वास्तूच्या नांवावरून कथा जुळविण्याची हौस सर्वत्र आहे. इटलींतील बोलोन्या शहरांत बाराव्या शतकांतला, सुमारें ९७ मीटर उंचीचा आझिनेल्ली नांवाचा मनोरा आहे. त्या नांवांत गाढवाचा वाचक शब्द आहे. तेव्हां एका गाढववाल्यास पुरलेलें धन सांपडलें व त्यानें हा मनोरा बांधला, अशी गोष्ट लोकांनीं रचली. त्याच्या शेजारचा गारिसेंदा मनोरा कलला आहे, आणि वांकणाऱ्या राक्षसास दांतेनें त्याचीच उपमा दिली आहे. बोलोन्याची कथा मनोरा कोणी बांधला ह्याचें उत्तर शोधते. रतनवाडीची अमृतकथा बांधणाऱ्याचें नांवही विचारीत नाहीं. येथें पाणी कां, एवढेंच ती विचारते.

ती कथा प्रवरेच्या कांठानें पसरली आहे. समुद्रमंथनानंतर मोहिनीनें देवांस अमृत वाटलें, पंक्तींत शिरलेल्या राहूचा कंठ छेदला गेला, आणि त्यांतून गळालेल्या अमृताची धार ती ही नदी. म्हणून तिचें नांव अमृतवाहिनी आणि उगमाशीं देव अमृतेश्वर. नेवाशास मोहिनीराजाचें देऊळ आहे, आणि राहुरीचें नांव लोक राहूशीं जोडतात. राहुरी मुळेच्या कांठीं आहे खरी, पण मुळाही पुढें प्रवरेसच मिळते. शब्दव्युत्पत्ति म्हणून हें सारें टिकणार नाहीं. तथापि एक संबंध खोरें एकाच आख्यानांत बसविणारी ही कल्पना सामान्य नव्हे. देवळाजवळच्या पुष्करिणीच्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ति आहेत. शिवालयापाशीं विष्णु कां, असें पाहणारास वाटेल. पण मोहिनी हें विष्णूचेंच रूप हें ठाऊक असलेल्या गांवकऱ्यास त्याचें नवल वाटत नाहीं.

म्हणून दोन्ही दंतकथा सारख्या लेखूं नयेत. अमृताची कथा पाहणारास थांबविते आणि पाणी, मूर्ति, डोंगर ह्यांकडे पाहावयास लावते. हेमाडपंताची कथा, जी शिकलेल्या लोकांच्या तोंडीं अधिक असते, ती पाहणेंच संपविते. तिनें त्या अनाम पाथरवटांचें श्रेय एका दप्तरी पुरुषास दिलें. आणि सर्व जुनीं देवळें एकाच सांच्याचीं असा समज पसरवून दुरुस्तीसही मोकळें रान दिलें. कित्येक गांवीं जुन्या शिखरांवर सिमेंट व तैलरंग चढले आहेत, आणि ते चढविणारांस आपण कांहीं पुसून टाकिलें असें वाटलेलें नाहीं. रतनवाडीचें देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे, म्हणून तेथील दगड अद्याप दगडच आहे.

त्या देवळाच्या गाभाऱ्यांत पूर्वेकडून व पश्चिमेकडून, दोन्ही बाजूंनीं शिरतां येतें. पावसाळ्यांत तेथें पाणी भरतें आणि पिंडी त्याखालीं जाते.