पेट्रोल पंपावरील मापन-अचूकतेचे नियम आणि त्यांचे संसदीय परीक्षण : एक चिकित्सा

प्रस्तावना

वजने-मापे हा विषय राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात सहसा येत नाही आणि पदार्थविज्ञानात आला तरी तो कायद्यापर्यंत पोहोचत नाही. परिणामी ज्या नियमांचा संबंध प्रत्येक वाहनधारकाच्या खिशाशी रोज येतो, ते नियम कोणत्याच विद्याशाखेच्या चिकित्सेचा विषय होत नाहीत. पेट्रोल पंपावरील मापनाच्या अचूकतेविषयीचे नियम हे याचे ठळक उदाहरण होय. हे नियम कोण करतो, ते विधिमंडळासमोर कोणत्या स्वरूपात येतात आणि तेथे त्यांचे परीक्षण खरोखर होते काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची चौकट

राज्यघटनेनुसार वजन-मापांची मानके निश्चित करणे हा संघसूचीतील (नोंद ५०) विषय आहे. मानके वगळता वजन-मापांचा उर्वरित विषय पूर्वी राज्यसूचीत होता. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत (नोंद ३३-अ) आणला गेला. मानकांविषयीचा १९७६ चा आणि अंमलबजावणीविषयीचा १९८५ चा असे दोन कायदे एकत्र करून वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ करण्यात आला. तो १ एप्रिल २०११ पासून अमलात आला. कलम २४ नुसार व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक वजन-मापाची पडताळणी व मुद्रांकन आवश्यक आहे. मात्र ही पडताळणी किती काळाने करावी, यंत्राची रचना कशी असावी आणि त्याला किती त्रुटी माफ असावी, हे सर्व अधिनियमात नसून २०११ च्या सर्वसाधारण नियमांत व त्यांच्या अनुसूचींत आहे. पंपाची पडताळणी दर १२ महिन्यांनी करावयाची असते. इंधन देताना अर्धा टक्का त्रुटी अनुज्ञेय मानली जाते. म्हणजे पाच लिटरच्या प्रमाणित मापात २५ मिलिलिटर कमी किंवा अधिक.

थोडक्यात, संसदेने तत्त्व सांगितले आणि आकडा कार्यकारी शाखेवर सोपवला. यात मुळात गैर काही नाही. तांत्रिक तपशील सभागृहात ठरवता येत नाही, हे प्रदत्त विधिनियमनाचे सर्वमान्य समर्थन आहे. पण अधिकार सोपवताना त्यावर देखरेखही राहील, असे गृहीत धरलेले असते. ती देखरेख प्रत्यक्षात कशी चालते, हे पाहिले पाहिजे.

परीक्षणाची यंत्रणा

अधिनियमाच्या कलम ५२ नुसार केंद्र सरकारने केलेला प्रत्येक नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे एकूण ३० दिवस ठेवावा लागतो. या मुदतीनंतरचे अधिवेशन संपण्यापूर्वी दोन्ही सभागृहांनी एकमताने फेरबदल केला किंवा नियम रद्द केला, तर तो त्याप्रमाणे बदलतो. तोवर त्याखाली केलेली कृती मात्र वैध राहते. हा नकारात्मक नियंत्रणाचा प्रकार आहे. सभागृहाने काही केले नाही, तर नियम टिकतो. एवढेच नव्हे, तर अ‍ॅटलस सायकल प्रकरणात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने अत्यावश्यक वस्तू अधिनियमातील सभागृहापुढे ठेवण्याची अट निदेशात्मक ठरवली. ती न पाळल्याने आदेश निरर्थक होत नाही, असा तो निर्णय होता.

या दुबळ्या व्यवस्थेला बळ द्यावे म्हणून लोकसभेत डिसेंबर १९५३ मध्ये आणि राज्यसभेत १९६४ मध्ये दुय्यम विधिनियमन समित्या स्थापन झाल्या. लोकसभेच्या समितीत १५ सदस्य असतात व मंत्र्याला तिचे सदस्य होता येत नाही. नियम मूळ कायद्याच्या हेतूशी सुसंगत आहे काय, त्याने कर लादला आहे काय, न्यायालयाचा अधिकार डावलला आहे काय, त्याला पूर्वलक्षी प्रभाव दिला आहे काय, तो प्रसिद्ध करण्यास अकारण विलंब झाला आहे काय, अशा कसोट्या तिच्या कार्यपद्धतीत नमूद आहेत. त्या सर्व महत्त्वाच्या आहेत. पण त्यांतील बहुतेक कायदेतज्ज्ञाच्या कसोट्या आहेत. ‘अर्धा टक्का’ हा आकडा त्या सर्वांतून निर्विघ्न पार होतो. तो कर लादत नाही, न्यायालयाला अडवत नाही, पूर्वलक्षीही नाही. तो अर्धाच का, पाव का नाही, हा प्रश्न त्या कसोट्या आपणहून उपस्थित करीत नाहीत.

अनुज्ञेय त्रुटीचा अर्थ

त्रुटीला मर्यादा असणे भौतिकदृष्ट्या अपरिहार्य आहे. तापमान, प्रवाहाचा वेग, मीटरच्या भागांची झीज यांमुळे कोणतेही यंत्र निर्दोष माप देत नाही. आंतरराष्ट्रीय वैध मापन संघटनेच्या शिफारशीतही वाहन-इंधनाच्या पंपांसाठी अर्ध्या टक्क्याचीच मर्यादा आहे. तेव्हा भारतीय आकडा मनमानी आहे, असे म्हणता येणार नाही. आक्षेप त्या आकड्याच्या वापरावर आहे.

अनुज्ञेय त्रुटी ही यंत्राच्या मर्यादेसाठी दिलेली सवलत आहे; ती विक्रेत्याचा हक्क नव्हे. यंत्रे प्रामाणिकपणे जुळवलेली असतील, तर त्रुटी शून्याच्या दोन्ही बाजूंना विखुरलेली दिसेल. एखाद्या पंपाची सर्व नोझल्स दर पाच लिटरला २० मिलिलिटर कमी देत असतील, तर प्रत्येक नोझल स्वतंत्रपणे उत्तीर्ण होईल. पण सर्वांची त्रुटी एकाच बाजूला असणे हा योगायोग मानता येणार नाही. समजा, असा पंप दिवसाला ८,००० लिटर इंधन विकतो. ०.४ टक्क्याने रोज ३२ लिटर, म्हणजे वर्षाला ११,६८० लिटर इंधन मोजले गेले पण दिले गेले नाही, असा हिशेब निघतो. एका ग्राहकाची हानी तक्रार करण्याइतकी नसते; एकत्रित हानी मात्र दुर्लक्ष करण्याइतकी लहान नसते.

हा दोष इतरत्र ओळखला गेला आहे. अमेरिकेत राज्ये ज्याचा आधार घेतात त्या ‘हँडबुक ४४’ मध्ये, वापरातील यंत्रांच्या त्रुटी प्रामुख्याने यंत्रधारकाच्या लाभाच्या बाजूला झुकलेल्या असतील तर ती यंत्रे योग्य स्थितीत राखली आहेत असे मानू नये, असे तत्त्व आहे. युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २००९ मध्ये मापन-उपकरणांच्या निर्देशात दुरुस्ती करून, उपकरणाने अनुज्ञेय त्रुटीचा गैरफायदा घेऊ नये व कोणत्याही पक्षाला पद्धतशीरपणे झुकते माप देऊ नये, अशी अट घातली. इंधन-पंप त्या अटीच्या कक्षेत येतात. आपले सर्वसाधारण नियम त्यानंतर, २०११ मध्ये झाले. हे तत्त्व पंपांच्या बाबतीत स्पष्ट शब्दांत का घातले गेले नाही, हे परीक्षणात विचारण्याजोगे होते.

२०१७ चा धडा

दुसरा प्रश्न नियमामागील गृहीतकाचा आहे. वार्षिक पडताळणीत त्रुटी हा यंत्राचा स्थिर गुण मानला जातो. आज मोजली ती उद्याही तेवढीच राहील, असे धरले जाते. एप्रिल २०१७ मध्ये उत्तर प्रदेशच्या विशेष कृती दलाने लखनौतील पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्रात बसवलेल्या व दूरनियंत्रकाने चालू-बंद करता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिप आढळल्या. त्याच वर्षी ठाणे पोलिसांच्या तपासातून महाराष्ट्रातील पंपांवरही कारवाई झाली. अशा यंत्रात त्रुटी हा यंत्राचा गुण न राहता चालकाच्या इच्छेचा भाग होतो. निरीक्षक समोर असताना माप अचूक आणि तो गेल्यावर उणे! येथे पाच लिटरचे माप घेऊन केलेली चाचणी निरुपयोगी ठरते. मुद्रा मीटरला असते. फसवणूक मात्र मीटरची गती विद्युत्-स्पंदांत रूपांतरित करणाऱ्या भागातून प्रदर्शकाकडे जाणाऱ्या संकेतात होते. जे नियम यांत्रिक पंपांच्या काळातील समजुतीवर उभे आहेत, त्यांचे पुनर्विलोकन तंत्रज्ञान बदलताच व्हावयास हवे होते. ते काम पोलिसांच्या छाप्यांनी केले.

आक्षेप आणि उत्तर

खासदार मापनशास्त्रज्ञ नसतात, मग त्यांनी अनुसूची कशी तपासावी, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर समितीच्या कार्यपद्धतीतच आहे. नियमाच्या स्वरूपाविषयी किंवा आशयाविषयी स्पष्टीकरण आवश्यक वाटल्यास ते मागण्याची कसोटी तेथे पूर्वीपासून आहे. समितीने आकडा ठरवावयाचा नाही. तो कसा ठरला, हे मंत्रालयाला विचारावयाचे आहे. त्यासाठी तज्ज्ञता नव्हे, चिकाटी लागते.

या दृष्टीने पुढील सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, अनुज्ञेय त्रुटीचा तक्ता सभागृहापुढे ठेवताना त्याच्या आधाराचे लेखी टिपण सोबत असावे. दुसरी, पडताळणीत केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा शेरा न देता प्रत्येक नोझलची प्रत्यक्ष त्रुटी चिन्हासह नोंदवून ती प्रसिद्ध करावी. त्रुटी एका बाजूला झुकते काय, हे मग कोणत्याही महाविद्यालयाच्या संख्याशास्त्र विभागाला तपासता येईल. तिसरी, त्रुटीचा पद्धतशीर लाभ घेण्यास मनाई करणारे कलम नियमांत स्पष्टपणे यावे. चौथी, अशा तांत्रिक अनुसूचींचे ठरावीक मुदतीने अनिवार्य पुनर्विलोकन व्हावे. अंमलबजावणीचे नियम राज्ये करतात व ते राज्य विधिमंडळापुढे ठेवले जातात. म्हणून हीच अपेक्षा राज्यांकडूनही आहे.

निष्कर्ष

कायद्याचे कलम सर्वजण वाचतात, नियम थोडे वाचतात, अनुसूची क्वचितच कोणी वाचतो; आणि पंपावर उभ्या असलेल्या नागरिकाचा संबंध मात्र अनुसूचीशीच येतो. नियम वेळेत सभागृहापुढे आला किंवा नाही एवढेच पाहणारे परीक्षण औपचारिकता पूर्ण करते. मापाची मर्यादा ठरवणाऱ्या आकड्याला जाब विचारला जाईल, तेव्हाच त्या परीक्षणाला अर्थ येईल.