सामंजस्य करारातले मौन

विद्यापीठ आणि महापालिका यांच्यात होणाऱ्या कागदाला मराठीत ‘सामंजस्य करार’ असे नाव पडले आहे. कुलगुरू आणि आयुक्त शेजारी उभे राहून फायली उंचावतात, छायाचित्र निघते, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन परिच्छेद येतात. अभ्यास करता करता पालिकेची योजनाच चुकीची आहे असे विद्यापीठाला आढळले तर पुढे काय, हे मात्र अशा बातम्यांत कधी वाचायला मिळत नाही. सामंजस्य आधीच ठरलेले असते. अभ्यास नंतर व्हायचा असतो.

आशियातील शहरे ज्या वेगाने वाढत आहेत तो पाहता विद्यापीठांनी नगरविकासात उतरावे याबद्दल आज कोणाचे दुमत नाही. या भागीदारीवर लिहिणारेही पुष्कळ आहेत. परंतु त्यांची मोजपट्टी ठरलेली असते: किती प्रकल्प, किती निधी, किती विद्यार्थी. मला दुसरी एक कसोटी लावून पाहायची आहे. शहराचा पैसा घेणाऱ्या, किंवा शहराच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या विद्यापीठात, ‘शहर चुकते आहे’ असे म्हणणाऱ्या माणसाला जागा उरते का? मुंबई, ओसाका, अहमदाबाद आणि पुणे अशा चार ठिकाणी ही कसोटी चार तऱ्हांनी लागते.

आपल्याकडची कहाणी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञापासून सुरू करावी लागते. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले आणि पुढची काही वर्षे गावोगाव पायी हिंडून त्यांनी नगररचनेचे अहवाल लिहिले. त्यांतला सर्वांत विस्तृत अहवाल होळकरांच्या इंदूर दरबारासाठी १९१८ साली निघाला. गटारे, गल्ल्या, तळी यांच्याबरोबरच त्यात इंदूरच्या भावी विद्यापीठाचाही विचार आहे, कारण शहर आणि विद्यापीठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच गेडिस यांना मान्य नव्हते. इंदुरातल्या प्लेगच्या दिवसांतील एका दिवाळीची हकीकत त्यांनी पुढे स्वतःच सांगितली आहे. महाराजांकडून त्यांनी एका दिवसाचे राज्य मागून घेतले आणि जाहीर केले की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या आळ्यांनी घरे झाडूनपुसून, डागडुजी करून ठेवली असतील त्यांच्यातून जाईल. गावभर झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती, आणि शुभ्र कपडे घालून, नव्या झाडण्या खांद्यावर घेऊन शहराचे सफाई कामगार चालत होते.

हकीकत सुरेख आहे, आणि गेडिस यांचे चाहते ती न चुकता सांगतात. पण तिच्यातले एक वाक्य सहज निसटून जाते: अभ्यासक एक दिवसाचा राजा झाला होता. दरबाराशी केलेल्या भागीदारीत अभ्यासकाला विरोध करावा लागत नाही आणि त्यालाही कोणी विरोध करू शकत नाही. महाराजांची मर्जी आहे तोवर सगळे सुरळीत चालते.

मुंबईत ही मर्जी नव्हती. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग निघाला आणि गेडिस त्याचे प्राध्यापक झाले. ‘नागरिकशास्त्र’ म्हणजे आपल्या शाळेत इतिहासाच्या पेपराला शेपटासारखे जोडलेले, ते नव्हे. गेडिस यांना त्यात शहराची प्रत्यक्ष पाहणी अभिप्रेत होती: कोण कुठे राहतो, काय कमावतो, पाणी कुठून भरतो. योगायोग असा की दुसऱ्याच वर्षी गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन केले. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवून कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा संकल्प सुटला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोल्या संकल्पाच्या एक तृतीयांशाच्या आसपास झाल्या, प्रत्येकी १६० चौरस फुटांच्या. त्यांतल्या कितीतरी वर्षानुवर्षे ओस पडल्या, आणि सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा सरकारने तुरुंग केला.

घरे माणसांसाठी बांधली गेली आणि माणसे तिथे राहायला येईनात, हा प्रश्न ज्या विषयाचा होता तो विषय शिकवणारा विभाग त्याच शहरात होता. सरकार एका बाजूला, विद्यापीठ दुसऱ्या बाजूला आणि मध्ये काही नाही. १९२४ साली गेडिस गेले. विभागाची सूत्रे त्यांचेच विद्यार्थी गो. स. घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये यांनी जात, जमाती, साधू यांवर जे काम उभे केले त्याने भारतीय समाजशास्त्राचा पाया घातला, त्यामुळे त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. पण विभागाच्या नावातला ‘नागरिकशास्त्र’ हा अर्धा भाग मात्र त्यानंतर डोके वर काढू शकला नाही.

याच वर्षांत जपानमध्ये ओसाका शहराचा महापौर एक माजी प्राध्यापक होता. सेकी हाजिमे हे तोक्योच्या उच्च वाणिज्य विद्यालयात शिकवत असत. बेल्जियम आणि जर्मनीत त्यांचा अभ्यास झाला होता, आणि कामगारप्रश्न हा त्यांचा विषय. १९१४ साली ते ओसाकाचे उपमहापौर झाले, १९२३ साली महापौर, आणि १९३५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. ओसाका तेव्हा कापडगिरण्यांचे, धुराने काळवंडलेले शहर होते. मुंबईची आठवण यावी असे. १९२५ साली हद्दवाढ होऊन लोकसंख्या वीस लाखांवर गेली आणि काही काळ ओसाकाने तोक्योलाही मागे टाकले. सेकी यांनी मिदोसुजी नावाची अरुंद गल्ली रुंदावून ४४ मीटरचा राजमार्ग केला. रस्त्यामुळे ज्यांच्या जमिनीचा भाव वाढणार होता त्यांच्याकडून खर्चाचा वाटा वसूल केला. त्याच रस्त्याखालून १९३३ साली जपानमधली पहिली नगरपालिकेच्या मालकीची भुयारी रेल्वे धावली. सुरुवातीला गाडीला एकच डबा होता आणि फलाट मात्र कितीतरी डब्यांना पुरेल एवढे लांब; लोक हसले.

१९२८ साली त्यांनी शहराच्या खर्चाने वाणिज्य विद्यापीठ काढले. जपानी कायद्यात तोवर नगरपालिकेला विद्यापीठ काढण्याची मुभाच नव्हती. त्यासाठी कायदा बदलावा लागला. सेकी यांची भूमिका अशी होती की या विद्यापीठाने सरकारी विद्यापीठांची नक्कल करू नये. त्याचे नाते या शहराशी असावे, आणि त्याचे संशोधन इथल्या उद्योगांतून, इथल्या वस्त्यांतून उगवावे. मालक शहर, संस्थापक महापौर, विषय शहराचेच. माझ्या कसोटीवर असे विद्यापीठ सपशेल नापास व्हायला हवे.

आणि एकदा ते झालेही. १९४३ साली, सेकी जाऊन आठ वर्षे लोटली असताना, याच विद्यापीठातील डाव्या विचारांच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना शांतता संरक्षण कायद्याखाली अटक झाली. ज्या शहराच्या नावाने विद्यापीठ चालत होते ते शहर त्यांना वाचवू शकले नाही. युद्धकाळात ते कोणालाच जमले नसते, हे खरे. पण स्थानिक मालकीच्या संस्थेला केंद्रसत्तेपुढे किती कमी कवच असते तेही त्यातून दिसते.

युद्धानंतर तीच संस्था ओसाका सिटी युनिव्हर्सिटी झाली. तिथे १९६५ साली अर्थशास्त्रज्ञ मियामोतो केनइची आले. प्रदूषणावरचे त्यांचे पुस्तक त्याच्या आदल्या वर्षीच गाजले होते. ओसाकाच्या उपसागरात भराव घालून कारखान्यांचे पट्टे उभारण्याचा तो काळ. प्रांत आणि शहरे दोन्हींची त्यावर मदार होती. मियामोतो यांनी ताळेबंद मांडून विचारले की या कारखान्यांतून स्थानिक लोकांच्या पदरात नेमके किती पडते, आणि दमा किती पडतो. नगरपालिकेच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात बसून नगरविकासाच्या धोरणाचे असे वाभाडे काढणारा प्राध्यापक जवळजवळ तीन दशके टिकला. शहरातल्या निशियोदोगावा भागातील दम्याच्या रुग्णांनी १९७८ साली कंपन्या, सरकार आणि महामार्ग महामंडळ यांच्यावर दावा लावला, तेव्हा त्यांच्या मागे अभ्यासाची अशी एक परंपरा उभी होती. तो खटला १९९०च्या दशकात तडजोडीने मिटला.

हे कशामुळे शक्य झाले? मला वाटते, कारण शहराने विद्यापीठाकडून एखादा प्रकल्प विकत घेतला नव्हता. त्याने पगार दिले, इमारत दिली आणि प्रश्न कोणता विचारायचा ते प्राध्यापकांवर सोडले. पैसे संस्थेला मिळत होते, उत्तराला मिळत नव्हते.

अहमदाबादेत व्यवहार वेगळा आहे. १९६२ साली वास्तुशास्त्राची शाळा म्हणून निघालेली सेप्ट २००५ साली विद्यापीठ झाली, आणि अहमदाबाद महापालिकेच्या ‘जनमार्ग’ या जलद बससेवेची आखणी तिने केली. ऑक्टोबर २००९ मध्ये सेवा सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्याने २००६ साली घाईघाईत आखलेल्या बीआरटीचे हाल ज्यांनी सोसले आहेत त्यांना अहमदाबादचा हेवा वाटणे साहजिक आहे. काम नीट झाले, कारण आखणारे लोक विषय जाणणारे होते आणि शेवटपर्यंत सोबत राहिले. हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही.

पण जनमार्गच्या बसमध्ये बसतो कोण, हा प्रश्न विचारला गेला तोही सेप्टमधूनच. तिथल्याच प्राध्यापक दर्शिनी महादेविया आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून दिसले की शहरातल्या गरिबांपर्यंत, विशेषतः पायी आणि सायकलने कामावर जाणाऱ्यांपर्यंत, ही सेवा फारशी पोचलेली नाही. एकाच आवारात योजनेचा शिल्पकार आणि तिचा टीकाकार नांदले, याला मी संस्थेची प्रकृती धड असल्याचे लक्षण मानतो. अडचण पुढची आहे. आखणीचा अहवाल पालिकेच्या टेबलावर जातो आणि त्याचा रस्ता होतो. टीकेचा अभ्यास शोधनिबंध होतो आणि परिषदेत वाचला जातो. विद्यापीठाने दोन्ही आवाज सांभाळले. शहराने एकच विकत घेतला.

पुण्यातली गोष्ट सगळ्यांत अनपेक्षित आहे, कारण तिच्यात सुरुवातीला महापालिका नव्हतीच. १९९०च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुणे येथील निरंतर व प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या बायकांच्या वस्तीत साक्षरतेचे वर्ग घेऊ लागल्या. अक्षरे शिकवायला गेलेल्या बायका बरोबर पोते घेऊन फेरीला निघाल्या, आणि त्यांच्या ध्यानात आले की हा कचऱ्यातला धंदा नसून शहराच्या सफाईतला बिनपगारी हिस्सा आहे. पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाबा आढावांना गाठले. हमालांची संघटना बांधलेल्या बाबांना असंघटितांची संघटना म्हणजे काय ते नव्याने सांगावे लागले नसणार. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे दोनतीन वर्षांत पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महापालिकांनी या बायकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. ज्या बाईला पोलीस चोर म्हणून हटकत होता तिच्या गळ्यात पालिकेने मानलेले कार्ड आले. पालिकेशी झालेली ही पहिली भागीदारी, आणि तिच्यासाठी मोर्चे काढावे लागले होते.

विद्यापीठाने इथे जे ज्ञान निर्माण केले तेही पाहण्यासारखे आहे. २००१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात या बायकांच्या श्रमामुळे महापालिकेचा कचरा उचलण्याचा किती खर्च वाचतो याचा हिशेब मांडला गेला. ही आकडेमोड मोर्चेकरणींना निवेदनात वापरता आली आणि आयुक्तांना टिपणीत. शहराच्या अंदाजपत्रकात जो आकडा कधी दिसत नव्हता तो विद्यापीठाने काढून दाखवला. पंचायतीच्या सदस्यांना वैद्यकीय विम्याचा हप्ता महापालिकेने भरावा, इथवर गोष्ट गेली ती याच जोरावर. मग घरोघरी कचरा गोळा करण्याचा प्रायोगिक प्रकल्प झाला, ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था नोंदली गेली, आणि २००८ साली महापालिकेने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला.

याला कोणी विद्यापीठाचा विजय म्हणेल. मला त्यात एक खाच दिसते. २००८चा करार महापालिका आणि ‘स्वच्छ’ यांच्यातला आहे. विद्यापीठ त्यात पक्षकार नाही. प्रौढ शिक्षण विभागाने जे काम केले ते विद्यापीठाच्या कोणत्याही मानांकनात ‘सल्ला-उत्पन्न’ म्हणून मोजता येण्याजोगे नव्हते. उत्पन्न झालेच नव्हते. आज मानांकनाच्या तक्त्यात सल्ल्याच्या उत्पन्नाला वेगळा रकाना आहे. तरुण प्राध्यापकाने पोते घेऊन फेरीला जायचे की स्मार्ट सिटीचा प्रस्ताव लिहायचा, हे त्याने ठरवण्यापूर्वीच तक्त्याने ठरवलेले असते.

आणि करार संपतात. ‘स्वच्छ’च्या कराराची मुदत २०२०च्या अखेरीस संपली तेव्हा हे काम खासगी ठेकेदाराकडे द्यावे असा सूर महापालिकेत निघाला, आणि कचरावेचक बायकांना पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले. नागरिक त्यांच्या बाजूने बोलले, मुदतवाढी मिळत गेल्या. दर वेळी मुदत संपत आली की त्याच बायकांना आपण शहराला का लागतो हे पहिल्यापासून सिद्ध करावे लागते. ते सिद्ध करणारा हिशेब २००१ साली एका विद्यापीठातून आला होता. त्यानंतर पुण्याच्या हद्दीत गावे आली, कचरा वाढला, घंटागाड्या आल्या, प्रक्रिया प्रकल्प आले आणि काही बंद पडले. या बदललेल्या शहरात एका बाईच्या फेरीची किंमत किती, हा हिशेब कोणी सांगितले म्हणून नव्हे तर पाहावासा वाटला म्हणून मांडणारा विभाग पुण्यातल्या कोणत्या विद्यापीठात असेल, हे पुढची मुदत संपण्याआधी त्या बायकांना कळायला हवे.