अध्यक्षांची रिकामी खुर्ची

मराठी विज्ञानकथेच्या सद्यःस्थितीचा विचार करू लागलो, म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहते ती अग्निबाणाची वा यंत्रमानवाची आकृती नव्हे, तर मुंबईच्या आझाद मैदानावरील एक रिकामी खुर्ची. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक अशा एका जगात जाऊन पडतात, जेथे विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून गेली आणि 1761 ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली. या उलथापालथीचे शास्त्रीय समर्थन कथेच्या अखेरीस यथासांग दिलेले आहे. परंतु माझ्या मते कथेचा खरा शोध निराळाच आहे. त्या जगातील श्रोत्यांनी अध्यक्षीय समारोप आणि आभारप्रदर्शन यांना कंटाळून अध्यक्षांची प्रथाच मोडीत काढली आहे, आणि सवयीने त्या खुर्चीवर जाऊन बसलेल्या आपल्या प्राध्यापकांस ते अन्नपदार्थांचा मारा करून खाली खेचतात! राज्यकर्ते बदलले म्हणजे सभेची रीतही बदलते, हे ज्याला सुचले त्याला समाज कळला होता.

अशा जागा आपल्या विज्ञानकथेत विरळ का, याचे उत्तर तिच्या कुळकथेत सापडते. ज्यूल व्हर्नच्या कथांच्या अनुवादरूपाने ती प्रथम आली, पुढे भा. रा. भागवतांनी त्याच व्हर्नला मुलांच्या हाती दिले. पण तिला प्रतिष्ठा लाभली ती विज्ञानप्रसाराच्या आश्रयाखाली. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठविली, हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली, आणि पारितोषिक मिळविले. पुढील वर्षी कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनात दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची वाखाणणी केली. आश्रयदात्याचे ऋण मात्र फेडावेच लागते: कथेने वाचकास काहीतरी शिकवले पाहिजे, ही अट तेव्हापासून जणू दरखास्तीत नमूदच झाली. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर हे लेखक जेव्हा ही अट विसरले, तेव्हाच त्यांची लेखणी मोकळी झाली.

नारळीकरांचीच ‘उजव्या सोंडेचा गणपती’ पाहा. मोबियसच्या पट्टीचे गणित विस्मरणात जाते. सोंड उजवीकडे वळली की देवघरातील सोवळे कडक होते, हे जाणणाऱ्या घरात मात्र त्या पट्टीने उलटलेली मूर्ती स्मरणात कायम राहते.

आज रास्त भावाच्या दुकानातील यंत्र म्हातारीच्या झिजलेल्या अंगठ्याचा ठसा नाकारते, सातबाराचा उतारा तलाठ्याच्या दप्तरातून निघून संगणकात जाऊन बसला आहे, आणि अर्ज कोणी फेटाळला हे सांगण्यास कचेरीत माणूस उरलेला नाही. आमचे कथालेखक अद्याप परग्रहावरील पाहुण्यांच्या सरबराईत गुंतलेले! प्रयोगशाळेतून कथा लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. कचेरीच्या ओसरीवर बसून भविष्य पाहणारा क्वचित.

2021 साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, आणि प्रकृतीच्या कारणाने ते तेथे जाऊ शकले नाहीत. त्या दिवशी मला गंगाधरपंत आठवले.